गोव्यात जुनी स्पोर्ट्स कार घेताय? आधी पत्रा बघा, मग कागद, इंजिन शेवटी

जुनी स्पोर्ट्स कार बघायला गेलेला माणूस आधी लांबून रंग बघतो, मग आत बसून स्टीअरिंग हातात धरतो आणि मालकाला म्हणतो, "जरा चालू करा बघू." सायलेन्सरमधून तो खर्जातला आवाज आला की मनातल्या मनात सौदा ठरलेला असतो. पुढे उरते ती फक्त पैशांची घासाघीस.

गोव्यात नेमका हा क्रम महागात पडतो. इंजिन बिघडलं तर ते उतरवता येतं, खोलता येतं, सुटे भाग मागवून पुन्हा बांधता येतं. खर्च होतो, पण काम कुठे सुरू होणार आणि कुठे संपणार हे मेस्ताला, म्हणजे मेकॅनिकला, ठाऊक असतं. कुजलेल्या पत्र्याचं तसं नाही. एक भोक बुजवायला घ्यावं तर आजूबाजूचा वीतभर पत्रा हातात येतो. कागदांचं त्याहून अवघड. गाडी कितीही देखणी असली तरी ती तुमच्या नावावर चढत नसेल तर अंगणात उभी करून बघत बसण्यापलीकडे तिचा उपयोग नाही. म्हणून मी सगळं उलट्या क्रमाने सांगणार आहे.

इथे मिळतं काय, ते आधी थोडक्यात. १९६१ पर्यंत गोव्यात पोर्तुगीज राज्य होतं आणि युरोपातल्या गाड्या थेट बंदरात उतरत. उरलेल्या देशात आयातीवर निर्बंध येऊन लोक अँबॅसडर आणि फियाटवर भागवत होते, तेव्हा इथल्या रस्त्यांवर ओपेल, फोक्सवॅगन, मर्सिडीज सहज दिसत. त्यातल्या काही अजून जुन्या घरांच्या गॅरेजमध्ये आहेत. दोन आसनी, उघड्या टपाच्या ब्रिटिश गाड्या, म्हणजे एमजीच्या टीसी, टीडी, एमजीए, एमजीबी किंवा ट्रायम्फ, या मात्र बहुधा मुंबई, पुणे, बंगळूर, कोइमतूरकडून फिरत फिरत येतात. बजेट कमी असेल तर दोन देशी नावं लक्षात ठेवा. एक हिंदुस्तान मोटर्सची कॉन्टेसा. ती स्पोर्ट्स कार नाही, पण शौकिनांनी तिला तो मान कधीच देऊन टाकलाय. दुसरी सॅन स्टॉर्म. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस गोव्यातच बनलेली ही छोटी उघडी गाडी, इंजिन रेनॉचं, ११४९ सीसी. तिच्याविषयी मला विशेष जिव्हाळा आहे, कारण आपल्या मातीत बनलेली दोन आसनी गाडी म्हणून सांगावं असं दुसरं नाव जवळपास नाहीच.

पत्रा

लोखंड गंजायला पाणी आणि हवेतला प्राणवायू एवढं पुरतं. पत्र्यावर पाण्याचा अगदी पातळ थर असला तरी त्यात एक बारीकशी विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते. एका जागचं लोखंड विरघळत जातं आणि शेजारी तांबूस भुकटी जमते. स्वच्छ पोलादावर हे साधारण ६० टक्के आर्द्रतेच्या पुढे जोर धरतं. मीठ आलं की दोन गोष्टी बदलतात. खारं पाणी वीज चांगली वाहतं, त्यामुळे क्रिया वेगाने होते. शिवाय मीठ स्वतःच हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे हाताला कोरडा वाटणारा पत्राही प्रत्यक्षात ओलसरच राहतो. गोव्यात जून ते सप्टेंबर सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस, बाकीचे महिने खारं वारं. जुन्या गाडीला सुट्टी अशी मिळतच नाही.

त्यात तांबडी माती. पावसात तिचा चिखल मडगार्डच्या आतल्या कडेला जाऊन बसतो, उन्हाळ्यात वरून सुकतो, आतून ओला राहतो. पन्नास-साठच्या दशकातल्या गाड्यांना आजच्यासारखा जस्ताचा थर नसायचा. पोकळ भागांच्या आत तर रंगही नीट पोचलेला नसे. त्यामुळे या गाड्या आतून बाहेर गंजतात, आणि ही गोष्ट घेणाऱ्याने मनावर कोरून ठेवावी. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून तो रंगाला आतून ढकलतो आणि बाहेर फोड दिसते. मालक म्हणतो, "एवढासा फुगा आहे, घासून रंग मारला की झालं." फुगा दिसला त्या दिवशी मागचा पत्रा बहुतेक संपलेला असतो.

कुठे बघायचं? दारांच्या खालून गाडीच्या लांबीभर जाणारी पोकळ पट्टी असते, तिला सिल म्हणतात. सगळ्यात जास्त वेळ तिथे द्या. मग पायाखालच्या मॅट उचलून फ्लोअर, दारांचा तळ, समोरच्या काचेचा खालचा कोपरा, बॅटरीची बैठक, डिकीत स्टेपनीच्या खालचा खड्डा. मॅटखाली कोरं करकरीत डांबरासारखं अंडरकोटिंग दिसलं तर आनंद मानू नका. नवं कोटिंग कशावर मारलंय, हा प्रश्न विचारा.

सिलला एवढं महत्त्व का, ते समजून घेण्यासारखं आहे. बंद गाडीत टप, खांब आणि फ्लोअर मिळून एक पेटी तयार होते आणि ती ताठ राहते. टप नसलेली गाडी म्हणजे झाकण काढलेलं बुटाचं खोकं. दोन टोकं धरून पिळलं की पिळतं. ही कमतरता भरून काढायला बनवणाऱ्यांनी सिल जाड आणि अनेक पदरी केली. १९६२ ते १९८० या काळात बनलेल्या एमजीबीला वेगळी चॅसी, म्हणजे खालचा पोलादी सांगाडा, नाही. तिथे सिलच कणा आहे, आणि तिच्या आत आणखी एक उभा पत्रा आहे. बाहेरची पट्टी नवी लावून, रंगवून, आतला पत्रा तसाच कुजका सोडणं हा या धंद्यातला जुना प्रकार आहे.

तो ओळखायची एक चाचणी आहे आणि तिला जॅकशिवाय काही लागत नाही. गाडी सपाट जागी उभी करा. दार लावून दार आणि मागच्या मडगार्ड यांच्यातली फट बघा. वरपासून खालपर्यंत ती सारखी हवी. बोटाच्या पेराने अंदाज घ्या किंवा घडी घातलेला कागद सरकवून बघा. आता जॅक लावायच्या ठरलेल्या जागेवर जॅक ठेवा आणि एका बाजूचं चाक जमिनीवरून सुटेपर्यंत हळूहळू चढवा. चढवताना कान द्या. करकर ऐकू आली, जॅकचं डोकं पत्र्यात रुतायला लागलं, तर तिथेच थांबा. चाक सुटल्यावर पुन्हा फट बघा. वरच्या बाजूला ती मिटलेली किंवा उघडलेली दिसली, दार उघडताना घासलं, किंवा उघडून परत लागेना, तर गाडी मधून वाकते आहे. मालक जॅक लावू देत नसेल तर चहाचे आभार मानून निघा.

दुसरं साधन लोहचुंबक. फ्रिजवर लावतात तसलं लहान चुंबक पातळ फडक्यात गुंडाळा, म्हणजे रंगाला ओरखडा जात नाही. सिल, चाकाची कमान, दाराचा तळ यांवरून ते फिरवा. चांगल्या पत्र्यावर चिकटतं, जाड पुट्टीवर पडतं. थोडी पुट्टी असणं गुन्हा नाही, पन्नास वर्षांच्या गाडीला एखादा पोचा येणारच. पण हातभर जागेत चुंबक कुठेच धरत नसेल तर तिथे पत्रा नसून पुट्टीचा पुतळा आहे.

एमजीच्या टी मालिकेतल्या, म्हणजे टीसी, टीडी या गाड्यांची गोष्ट थोडी वेगळी. त्यांच्या बॉडीचा सांगाडा ॲश नावाच्या लाकडाचा आहे आणि पत्रा त्याच्यावर चढवलेला. खाली मजबूत पोलादी चॅसी असते, तिला सहसा फार काही होत नाही. पण आपल्याकडे लाकूड म्हटलं की ओल आणि वाळवी दोन्ही आल्या. दार अर्धं उघडून वर-खाली हलवा. बिजागरी झिजली असेल तर नुसता खडखडाट होतो. लाकूड गेलं असेल तर ज्या खांबाला दार टांगलंय तो खांबच हलतो. गालिचा उचलून लाकडाला नखाने दाबून बघा, टोचणी असेल तर टोचून बघा. एमजीएचे फ्लोअरसुद्धा लाकडी फळ्यांचे. त्या बदलणं सोपं, त्यांच्यासाठी गाडी नाकारू नका.

सॅन स्टॉर्मची बॉडी फायबरग्लासची, तिला गंज नाही. पण फायबरच्या आत पोलाद आहेच, आणि ते दिसत नाही म्हणून कुणी बघत नाही. गाडी रॅम्पवर चढवून खालून टॉर्च मारल्याशिवाय तिचा सौदा करू नये.

गाडी आजवर कुठे राहिली, हेही विचारा. कांदोळी, मिरामार, कोलवा अशा किनाऱ्यालगत उघड्यावर राहिलेली आणि फोंडा किंवा सांगे भागात बंद गॅरेजमध्ये राहिलेली, या दोन गाड्या एकाच वर्षाच्या असल्या तरी सारख्या नसतात. घाटावरच्या कोरड्या हवेतली गाडी मिळत असेल तर वाहतुकीचा खर्च सोसूनही ती घ्यावी असं माझं मत आहे. इंजिन थोडं थकलेलं असलं तरी चालेल. आणि जमलं तर गाडी भर पावसात, जुलै महिन्यात बघा. कापडी हूड, म्हणजे वरचं घडीचं छप्पर, कुठे गळतं, फ्लोअरवर पाणी कुठे साचतं, आत कुबट वास येतो का, हे मार्चमध्ये कुणीही लपवू शकतो.

कागद

पहिलं काम: आरसी बुकातला चॅसी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी जुळवा. नुसतं वाचून नव्हे. आरटीओत घेतात तशी पेन्सिलची छाप घ्या. नंबरावर पातळ कागद धरायचा, वरून शिसपेन्सिल आडवी घासायची, अक्षरं उमटतात. ही छाप बोलकी असते. अक्षरांची उंची कमीजास्त, एखादा आकडा तिरका, आजूबाजूला घासल्याच्या रेघा किंवा वेल्डिंगचा उंचवटा दिसला तर पुढे जाऊ नका. जुन्या ब्रिटिश गाड्यांत नंबर बऱ्याचदा रिव्हेट मारलेल्या पट्टीवर असतो. पट्टी जुनी आणि रिव्हेट नवे कोरे, असं असेल तर कारण विचारा.

इंजिन बदललेलं असणं आपल्याकडे अगदी सर्रास. सुटे भाग मिळत नव्हते त्या काळात लोकांनी अँबॅसडरचं नाहीतर डिझेलचं, जे हाताला लागलं ते इंजिन बसवून गाडी चालती ठेवली. त्यात वाईट काही नाही, त्यामुळेच गाड्या वाचल्या. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असा बदल परवानगीने व्हायला हवा आणि आरसीवर त्याची नोंद हवी. नोंद नसेल तर हस्तांतराच्या वेळी गाडी अडते, आणि तेव्हा ती तुमची डोकेदुखी असते.

खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. त्यानंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी नूतनीकरण. ते कधीपर्यंत झालंय हे आरसीवर बघा. बरीच वर्षं उभ्या असलेल्या गाडीचं नूतनीकरण राहून गेलेलं असतं आणि उशिराच्या प्रत्येक महिन्याचा दंड चढत जातो. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांपेक्षा जुन्या हलक्या चारचाकीच्या नूतनीकरणाचं शुल्क १०,००० रुपये झालंय, आणि आयात केलेल्या चारचाकीचं ८०,०००. आरसीवर गाडी आयात म्हणून नोंदलेली आहे का, हे म्हणूनच आधी बघायचं. थकलेला रोड टॅक्स, जुनी चलनं, बँकेचा बोजा, हे सगळं किमतीतून वजा करून मगच आकडा बोला. परिवहनच्या पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून बघा. हाताने लिहिलेल्या जुन्या आरसी बुकांची नोंद संगणकावर चढलेली नसते. तशी असेल तर ती चढवून घ्यायची जबाबदारी विकणाऱ्याची, आणि तीसुद्धा पैसे देण्याआधी. गोव्यात १९८९ च्या आधीच्या, जीडीने सुरू होणाऱ्या नंबरांच्या गाड्यांत हे हमखास निघतं.

आता इथला खास गुंता. समजा एखाद्या जुन्या घराच्या गॅरेजमध्ये तुम्हाला हवी तशी गाडी सापडली. आरसी आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन वीस वर्षं झाली. नातू म्हणतो, "घरात सगळ्यांचं एकमत आहे, तुम्ही घेऊन जा." नातू प्रामाणिकच असतो. पण गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या दिवाणी कायद्याप्रमाणे वेगळा करार केलेला नसेल तर लग्नानंतर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते, आणि मुलांचा वाटा कायद्यानेच राखलेला असतो. गाडी ही जंगम मालमत्ता, तिलाही हे लागू. म्हणजे आजीचा अर्धा हिस्सा, मग लिस्बनला असलेले काका, मुंबईची आत्या, मडगावचे धाकटे चुलते, असे सगळे त्या गाडीचे मालक ठरतात. उद्या यांतल्या एकानेही हरकत घेतली तर नातवाने सही केलेला कागद कामाला येत नाही.

रस्ता आहे, फक्त घाई करायची नाही. विशेष नोटरीकडून वारस ठरवणारा दस्त करून घ्यायचा, वाद असेल तर न्यायालयात इन्व्हेंटरीची, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटणी करण्याची, कार्यवाही. हे सगळं आता गोव्याच्या २०१२ च्या वारसा कायद्याखाली चालतं. मग आरटीओत फॉर्म ३१ भरून गाडी आधी वारसाच्या नावावर करायची, आणि त्यानंतर वारसाकडून तुमच्या. दोन्ही टप्पे पुरे होईपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नका. थोडी आगाऊ रक्कम आणि लेखी करार एवढ्यावर थांबा. यात महिने जातात हे खरं. पण अशा घरांतल्या गाड्या सहसा एका हातातल्या, न छेडलेल्या असतात, आणि तेवढं थांबण्याइतकं मोल त्यांना नक्कीच आहे.

जिवंत मालकाकडून घेत असाल तर काम सरळ आहे: फॉर्म २९ आणि ३०, विमा, दोघांचे ओळखपत्राचे कागद. विकत घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, आधी हातात घ्या. परराज्यातली गाडी १२ महिन्यांहून जास्त इथे ठेवली की इथला नंबर घ्यावाच लागतो. दिल्ली परिसरात जुन्या गाड्यांवर निर्बंध असल्यामुळे तिकडून स्वस्तात गाड्या सुटतात आणि त्यांचा पत्राही कोरडा असतो. पण एनओसी नसेल तर ती स्वस्ताई फुकट जाते. हस्तांतर झालेल्या दिवसापासून विमा तुमच्या नावावर असेल हे बघा. पाच वर्षांपेक्षा जुन्या गाडीची विम्यातली किंमत तुम्ही आणि कंपनी मिळून ठरवता. ती ठरवताना फोटो आणि बिलं जोडा, नाहीतर कंपनी भंगाराचा भाव लावेल.

५० वर्षांपेक्षा जुन्या गाडीसाठी २०२१ पासून विंटेज नोंदणीची वेगळी सोय झाली आहे. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए येतं, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. अट अशी की चॅसी, बॉडी आणि इंजिन मूळ स्वरूपात असावं. आणि दुसरी, जी लोक विसरतात: अशी गाडी फक्त प्रदर्शन, रॅली, संशोधन, आणि त्यासाठी पेट्रोल भरणं किंवा दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. रोज कामाला नेता येत नाही. तुम्हाला ती रविवारी सकाळी दोना पावलाला फिरवून आणायची असेल तर साधी नोंदणी चालू ठेवणं शहाणपणाचं. घेण्याआधीच हे ठरवा आणि आरटीओत जाऊन विचारून या.

इंजिन आणि बाकीचं

इथवर गाडी टिकली तर आता चालू करा. पण थंड असताना. जायच्या आधी मालकाला सांगून ठेवा की गाडी तापवू नका, आणि पोचल्यावर बोनेटवर हात ठेवून बघा. कोमट लागलं तर दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन सुरू होताना सगळं बोलून टाकतं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे कार्ब्युरेटर जास्त पेट्रोल देतोय, हे बसवून घेता येतं. पांढरा, गोडसर वासाचा आणि थांबतच नसलेला धूर म्हणजे कूलंट आत शिरतंय, बहुधा इंजिन आणि त्याच्यावरचं हेड यांच्यामधली गॅस्केट गेलीय. पावसाळ्यात ऑइलच्या झाकणाखाली थोडी फिक्कट साय दिसली तर लगेच घाबरू नका. फार न चालवलेल्या गाडीत हवेतली ओल साचून तसं होतं. डिपस्टिकवरचं ऑइलच दुधाळ असेल तर मात्र पाणी शिरलंय. मेस्ताकडून चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजून घ्या. आकडा किती यापेक्षा चौघांत फरक किती हे महत्त्वाचं. दहा टक्क्यांपर्यंत ठीक, एकच सिलिंडर फार खाली असेल तर इंजिन उघडावं लागेल.

पेट्रोलचा प्रश्न वेगळा आणि आजचा आहे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. या गाड्या बनल्या तेव्हाचं रबर इथेनॉलला टिकत नाही. पाइप फुगतात, चिरतात, पंपातला पडदा कडक होतो. इथेनॉल पाणीही ओढतं, आणि महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत ते पाणी तळाला बसून टाकी आतून गंजवतं. पेट्रोलचे सगळे रबरी पाइप इथेनॉलला टिकणारे, आर-९ दर्जाचे, हा घेतल्याबरोबरचा पहिला खर्च धरा. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकलं तर गाडी जळते, त्यामुळे यात काटकसर नको. शिशाचं पेट्रोल भारतात २००० साली बंद झालं. ते शिसं व्हॉल्व्हच्या बैठकी जपायचं. जुन्या हेडमध्ये कडक धातूच्या बैठकी बसवल्यात का, हे विचारून ठेवा. नसतील तर हेड कधीतरी उघडेल तेव्हा बसवून घ्या, त्यासाठी सौदा मोडू नका.

विजेचं वायरिंग बहुतेक गाड्यांत कुणी ना कुणी जोडून-तोडून ठेवलेलं असतं, ते पूर्ण नवं करायचंच म्हणून हिशेब धरा. एक सावधगिरी मात्र जिवाशी बाळगा: जुन्या ब्रिटिश गाड्यांत, एमजीबीत १९६७ पर्यंत, बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असतं. आजच्या सवयीने जंपर केबल लावली तर वायर जळायला वेळ लागत नाही. ब्रेक ऑइल हवेतली ओल पितं, त्यामुळे उभ्या गाडीचे ब्रेक सिलिंडर आतून गंजलेले समजा आणि ट्रायल घेताना पहिला ब्रेक रिकाम्या रस्त्यावर, हळू वेगात मारा. टायरवर वरून रेघा छान दिसतील. बाजूच्या भिंतीवरचे शेवटचे चार आकडे वाचा, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३११ लिहिलं असेल तर तो टायर २०११ च्या तेविसाव्या आठवड्यातला आहे, आणि त्याच्यावर अनमोड घाट उतरायचा विचारही करू नका.

एमजी आणि ट्रायम्फसारख्या गाड्यांचे सुटे भाग आजही इंग्लंडात नव्याने बनतात. एमजीबीची तर आख्खी बॉडी मिळते. त्यामुळे या गाड्या महाग वाटल्या तरी जगवता येतात. ड्यूटी आणि वाहतूक धरून भाग दुप्पट किमतीला पडतो, पण मिळतो. कॉन्टेसाचं उलट: यांत्रिक भाग जुन्या बाजारात सापडतात, दारांचे रबर, काचा, दिवे, क्रोमच्या पट्ट्या यांसाठी वणवण होते. म्हणून कॉन्टेसा घ्यायची तर बाहेरचं सगळं सामान पुरं असलेलीच घ्या, इंजिन बंद असलं तरी चालेल. सॅन स्टॉर्मचं इंजिन युरोपात रेनॉच्या ट्विंगो आणि क्लिओतही होतं, भाग तिकडून येऊ शकतात. समोरची काच किंवा हूडची चौकट फुटली तर मात्र दुसऱ्या स्टॉर्मवाल्याशी ओळख असल्याशिवाय गती नाही. घेण्याआधीच अशा दोन-चार मालकांना भेटा. जुन्या गाड्यांची माणसं मोकळी असतात, गाडी दाखवतात, मेस्ताचा पत्ताही देतात. एकाच जागी अनेक जुन्या गाड्या जवळून बघायच्या असतील तर नुवेंला विंटेज गाड्यांचं संग्रहालय आहे. चांगला पत्रा आणि सरळ फटी कशा दिसतात याची नजर तिथे तयार होते.

पैशांचं माझं गणित असं: हाताशी आहेत त्यातल्या दोन तृतीयांशातच गाडी घ्या. उरलेला भाग पहिल्या वर्षात पाइप, वायरिंग, ब्रेक, टायर आणि सरकारी शुल्क यांत जाणारच आहे. आणि पावसाळ्याची जागा आधी बघून ठेवा. ताडपत्री नको, तिच्याखाली ओल कोंडते. वर पक्कं छप्पर, अंगावर हवा खेळणारं सुती कव्हर, टाकी काठोकाठ भरलेली म्हणजे आत पाणी धरायला जागा राहत नाही, बॅटरीची वायर काढलेली. हँडब्रेक सोडून चाकाला लाकडी ओंडका लावा, नाहीतर सप्टेंबरपर्यंत ब्रेक शू ड्रमला चिकटून बसतात. दारांच्या आणि सिलच्या तळाला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात, ती मे महिन्यात तारेने मोकळी करा आणि आत मेणाचा फवारा मारून घ्या. पावसाने दोन दिवस उघडीप दिली की बोनेट, डिकी आणि दोन्ही दारं उघडून गाडीला दिवसभर वारा लागू द्या.